दारातून पाहिलेली शर्यत

जो गेम मला पाठ होता, तो मी लहानपणी एकदाच खेळलो. बाकी सगळा पाहिला, आणि तोही दारातून.

दारव्ह्याला आमच्या वर्गात एकाच पोराच्या घरी तसा कॉम्प्युटर होता. त्याच्या वडिलांची बाजारात आडत होती. कापूस, सोयाबीन, तूर, जे काही तालुक्यात पिकायचं त्यातलं बरंचसं त्यांच्या ओट्यावरून पुढं जायचं. कॉम्प्युटर तेव्हा आणखी दोन-चार घरांत आले होते, पण त्याच्या वडिलांनी नागपूरहून त्यात एक वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवून आणलं होतं. त्या कार्डाची आखूड केबल मशीनच्या मागून बाहेर यायची आणि वळून पुन्हा मशीनमध्येच जायची. गेम सुरू केला की डब्यातून 'टक्' असा आवाज व्हायचा, स्क्रीन क्षणभर काळी पडायची, आणि मग समुद्र दिसायचा. समुद्राकाठचा रस्ता, वळणावर माडाची झाडं, लांब डोंगरावर धुकं, आणि त्या रस्त्यावरून पळणाऱ्या गाड्या. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्यासाठी समुद्र त्या कार्डातच होता.

खोली माडीवर होती. पाच-सहा पोरं पलंगावर दाटीवाटीनं बसायची. आडत्याचा पोरगा खुर्चीत. मी उंबरठ्याच्या बाहेर, जिथं सगळे चपला काढायचे तिथं. पहिल्या दिवशी मी आत पाय टाकला तेव्हा तो म्हणाला होता, "तू तिथंच बस नं, आत गर्दी होते." त्यानंतर पलंगावर दोनच पोरं असली तरी माझी जागा तीच राहिली. आम्ही बौद्ध. तो शब्द त्या घरात कोणी काढला नाही. काढायची गरजच नव्हती. पाणी आलं की त्यांच्यासाठी तांब्या आणि स्टीलचे पेले यायचे, माझ्यासाठी खिडकीत ठेवलेला प्लास्टिकचा ग्लास. मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी मी रोज जात होतो, कारण तो समुद्र दुसरीकडे कुठंच नव्हता.

पाहून पाहून मला तो रस्ता तोंडपाठ झाला. कोणत्या वळणाआधी ब्रेक मारायचा, बोगद्यातून निघताना गाडी कोणत्या बाजूला ओढते, पुलावर दुसऱ्याला कुठं धक्का दिला की तो सरळ पाण्यात जातो, हे मला खेळणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी दारातून ओरडून सांगायचो आणि तो ऐकायचा. जिंकला की पलंगावरच्या पोरांना टाळी द्यायचा.

दहावीच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याची आई माहेरी पुसदला गेली होती. लाइट गेली म्हणून बाकी पोरं खाली उसाचा रस प्यायला गेली. मी तिथंच बसून राहिलो. थोड्या वेळानं लाइट आली. आडत्याचा पोरगा एकटा खेळून कंटाळला असावा. माझ्याकडे वळून म्हणाला, "ये बे, खेळ एक." मी दोनदा विचारलं, खरंच का म्हणून. मग गेलो. खुर्चीत बसलो. कीबोर्ड गरम होता. मी एकच शर्यत खेळलो. सुरुवातीला गाडी आपटली, पण बोगद्यानंतर मला हात बसला आणि मी दुसरा आलो. माझ्या आयुष्यात तोवर इतकं चांगलं काही घडलं नव्हतं.

तेवढ्यात पोरं जिन्यावरून वर आली. त्यांनी मला खुर्चीत पाहिलं. एकानं विचारलं, "काहून बे, यालेही बसवलं का आज?" आडत्याच्या पोरानं मला उठायची खूण केली. मग तो मोरीत गेला, फडकं ओलं करून आणलं, आणि सगळ्यांसमोर कीबोर्ड पुसायला लागला. सावकाश, एकेक बटण. मग माउस. मग खुर्चीची बैठक. पुसून झाल्यावर फडकं कोपऱ्यात फेकून हसत म्हणाला, "झालं. आता बसा." पलंगावरचे सगळे हसले.

मी चपला घातल्या आणि घरी आलो. घरी काही बोललो नाही. बाबा दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप चालवायचे. गाडी दुसऱ्याची, आणि आडत्याच्या घरची माणसं कधीमधी त्याच गाडीनं यवतमाळला जायची. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. मला ते पाहायचंच नव्हतं. त्या घरी मी पुन्हा गेलो नाही. पण आमचा नळाला जायचा रस्ता त्याच गल्लीतून होता, आणि माडीवरून गाड्यांचे आवाज यायचे. बादली भरून येताना मी ओळखायचो की आता बोगदा आला, आता पूल आला.

पुढं मी शिकलो. यवतमाळला एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळालं, लग्न झालं, घर झालं. राग कुठं गेला नाही. तो रोज वर येत नव्हता एवढंच. गावी गेलो की आडतीसमोरून जाताना मान आपोआप ताठ व्हायची. तो पोरगाही वडिलांच्या गादीवर बसून आता आडत्या झाला होता. भेटला की खांद्यावर हात टाकायचा, "काय साहेब" म्हणायचा. मीही हसायचो.

तो गेम पुन्हा चालवायचं वेड मला तीन-चार वर्षांपूर्वी लागलं. जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, कारण त्याला ते जुनं कार्डच हवं असतं. कार्ड सापडलं नाही की तो सुरूही होत नाही. यावर एक उपाय असतो. इम्युलेटर नावाचा प्रोग्राम आजच्या मशीनच्या पोटात अख्खा जुना कॉम्प्युटर उभा करतो. जुना प्रोसेसर, जुनी मेमरी, आणि ते कार्डसुद्धा. खरं कार्ड कुठंच नसतं. पण ते जे जे करायचं ते हा प्रोग्राम ठिपक्या-ठिपक्यानं करून दाखवतो, आणि गेम फसतो. त्याला वाटतं आपण अजून त्याच डब्यात आहोत.

सांगायला सोपं आहे. माझे कितीतरी रविवार त्यात गेले. आधी नुसती काळी स्क्रीन. मग रस्ता आला तर आभाळ नाही. आभाळ आलं तर समुद्र पांढराफटक. पुष्कळ दिवसांनी कळलं की मी कार्डाचा जो ड्रायव्हर टाकला होता तो गेमपेक्षा नवा होता. त्याहून जुना शोधून टाकला तेव्हा पाणी निळं झालं. मग चित्र अडखळायला लागलं. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. प्रोसेसरच्या किती भागांत काम वाटून द्यायचं ते जमवत बसलो, आणि एका दुपारी गाडी सुरळीत पळाली.

पण मला ते चित्र ओळखीचं वाटेना. फार फुटलेलं दिसत होतं. रंगांत बारीक ठिपके, माडाच्या पानांना करवतीसारखे दाते. मी सेटिंगा बदलत राहिलो आणि वैतागलो. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी कप घेऊन सहज उठलो आणि दारापर्यंत गेलो. तिथून वळून पाहिलं, आणि तेच दिसलं. अगदी तेच. ठिपके मिसळून गेले होते, धुकं धुकं झालं होतं. ती एक शर्यत सोडली तर मी तो गेम जवळून कधी पाहिलाच नव्हता. माझ्या डोक्यातलं सगळं चित्र उंबरठ्यावरून काढलेलं होतं.

बायकोनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही. पण त्या दिवशी इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला, आणि मग तो खाली गेला नाही.

त्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय निघाला. मी त्या गेमचा एक छोटा व्हिडिओ टाकला होता. पोरं खूश झाली. पोरं म्हणजे आता टक्कल पडलेले, शुगरच्या गोळ्या खाणारे लोक. त्यावर आडत्यानं लांबलचक मेसेज लिहिला. काय दिवस होते, सगळे मित्र माझ्या घरी जमायचो, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं खेळायचो. त्या काळात जातपात कोणाच्या डोक्यातही नव्हती, आता पाहा समाजाचं काय झालं. खाली जोडलेले दोन हात. त्यावर ग्रुपभर अंगठे उठले.

मी तो मेसेज कार्यालयात बसून वाचला. पुन्हा वाचला. त्यानं मला दाराबाहेर बसवलं होतं ते एक वेळ ठीक. पण आता तो दाराबाहेर कोणी बसलंच नव्हतं म्हणत होता. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. तिथं लिहून काय झालं असतं? चार लोकांनी "जाऊ दे भाऊ" म्हटलं असतं. मला त्याला समोर बसवायचं होतं.

त्या दिवसापासून मी खेळत नव्हतो, तयारी करत होतो. कार्यालयातून आलो की जेवणाआधी बसायचो. लहानपणी पाहून जे डोक्यात होतं ते बोटांत आणायचं होतं. बोगद्याचं वळण ब्रेक न मारता घ्यायला शिकलो. पुलावर मागच्या गाडीला किती जवळ येऊ द्यायचं, आणि तिची पुढची बाजू आपल्या मागच्या चाकाशी आली की किती वळायचं, हे इतकं घोटलं की डोळे मिटूनही जमलं असतं. मग एक जुना लॅपटॉप घेतला, त्यातही तोच जुना कॉम्प्युटर उभा केला, आणि दोन्ही केबलनं जोडले. आता दोघांना समोरासमोर खेळता येत होतं. त्याचं मशीन मी माझ्याहून थोडं चांगलंच ठेवलं. हरल्यावर त्याला मशीनकडे बोट दाखवता येऊ नये, इतकंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी ग्रुपवर लिहिलं, या यवतमाळला, जेवण माझ्याकडे, आणि शर्यत. तिघं येतो म्हणाले. एक दिग्रसला शाळामास्तर आहे, एकाचा पांढरकवड्याला हायवेवर ट्रकचा धंदा आहे, आणि आडत्या. मला तोच हवा होता.

आदल्या दिवशी मी बाजारातून एक पिवळं फडकं आणलं आणि फवारा मारायची बाटली. दोन्ही टेबलाशेजारी ठेवलं. बायकोनं विचारलं हे कायले. तेव्हा मी पहिल्यांदा कोणाला ती गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिलाही माहीत नव्हती. ती खाली बसून ऐकत राहिली. मी म्हणालो, तो उद्या खेळून उठला की मी सगळ्यांसमोर कीबोर्ड पुसणार, एकेक बटण.

ती म्हणाली, "बदला घ्याचा असन तं घ्या. मी आडवी येत नाही. पण ह्या फडक्यानं नाही. हे काम त्याइच्या घरचं आहे, आपल्या घरचं नाही."

मी वाद घातला. म्हटलं, तुला काय माहीत तेव्हा कसं वाटलं. ती म्हणाली, तिला चांगलंच माहीत आहे, तिच्याही शाळेत पाण्याचा माठ होता. आणि फडकं उचलून घेऊन गेली. मी रागावलो. पण ते परत आणलं नाही.

ते तिघं आडत्याच्या गाडीतून आले. पांढरी मोठी गाडी, आमच्या गल्लीत वळता वळेना. आत आल्यावर गळाभेटी झाल्या. बायकोनं सकाळपासून राबून वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, मिरचीचा ठेचा, शिरा केला होता. मास्तर आणि ट्रकवाला जेवायला बसले. आडत्या म्हणाला, त्याचा उपास आहे. मास्तरनं विचारलं आज कोणता उपास. तो म्हणाला, आहे एक घरचा. बायकोनं साबुदाणा करू का विचारलं. नको म्हणाला, वहिनी, त्रास नको. मग समोरच्या टोपलीतलं एक केळं उचललं, सोललं आणि खाल्लं. साल असलेलं फळ, आत आमचा हात न लागलेलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तोवर माझ्या मनात कुठं थोडी दया असेल तर ती त्या केळ्यासोबत संपली.

जेवणं झाली. मी दोन्ही मशीन सुरू केली. समुद्र आला तसे तिघं एकदम पुढं झुकले. मास्तर म्हणाला, फक्त तो टक् आवाज नाही. मी म्हटलं, तो आवाज कार्डाच्या आतल्या खटक्याचा होता, प्रोग्राम चित्र काढतो, खटका कुठून आणणार. आडत्या हातावर हात चोळत खुर्चीत बसला. मला म्हणाला, "सांभाळून बे, घरचा मालक होतो मी याचा." मी म्हटलं, बस.

पहिली शर्यत मी त्याला अर्धी जिंकू दिली. पुलापर्यंत तो पुढं होता. हसत होता, बोलत होता, आठवणी काढत होता. पुलावर मी त्याच्या मागं गेलो, हलकेच चाक लावलं, आणि त्याची गाडी कठडा तोडून पाण्यात गेली. ट्रकवाला खो-खो हसला. आडत्याही हसला. म्हणाला, बोटं जड झाली आता, अजून एक.

पुढच्या वेळी मी त्याला बोगद्यात गाठलं आणि भिंतीवर घासत नेलं. त्यानंतर पुन्हा पुलावर. तो पुढं असला की मागून, मागं असला तर मी थांबायचो. रस्त्यात गाडी उभी करून वाट पाहायचो, तो आला की पाण्यात. मी शर्यत जिंकायला खेळतच नव्हतो. तो म्हणाला कीबोर्ड कडक आहे. मी जागा बदलली, माझं मशीन त्याला दिलं. तिथंही तेच. त्याच्या मानेवर घाम आला. मघाशी हसणारा ट्रकवाला आता मोबाइल पाहायला लागला. मास्तर म्हणाला, बस करा आता, चहा घेऊ. मी म्हटलं, अजून एक. आडत्यालाही उठवेना. हरलेल्या माणसाला वाटतं, एकदा तरी फेडू आणि मग उठू. मला ते दिसत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. हे मी लपवत नाही.

शेवटी त्यानं कीबोर्डवरून हात काढले. म्हणाला, "लय प्रॅक्टिस केली तू. काहून इतकी?"

मी विचारलं, "फडकं आठवते का?"

"कोणतं फडकं?"

मी सांगितलं. आवाज चढवला नाही. कोण कुठं बसलं होतं, फडकं कुठून आणलं, आधी बटणं, मग माउस, मग खुर्ची, आणि फेकल्यावर तो काय म्हणाला. सांगताना मी त्याच्याकडेच पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावर कुठंतरी ते उमटलं. त्याला आठवत होतं.

तो म्हणाला, "आपण पोरं होतो रे. घरात मायचं तसं होतं. ते करायले लावे."

"त्या दिवशी तुही माय घरी नव्हती," मी म्हटलं. "पुसदले गेलती. म्हणून तं तू मले आत बोलावलं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. मी त्याला म्हटलं, मला माफी नको. ग्रुपवर जे लिहिलंस, जातपात कोणाच्या डोक्यात नव्हती, त्याच्याच खाली हेही लिही. तुझ्या हातानं. आज रात्रीपर्यंत नाही, उद्यापर्यंत नाही, तुला वाटेल तेव्हा. पण लिही.

तो म्हणाला, त्यानं काय होते. मी म्हटलं, मले बरं वाटते.

तो उठला. बायको चहा घेऊन आली होती. तिनं त्याच्यासमोर ट्रे धरला. त्यानं हात जोडले, "उपास आहे, वहिनी." ती म्हणाली, "असू द्या. उपासाले चहा चालते." त्यानं कप उचलला नाही. ट्रकवाल्याला खुणावलं आणि दोघं जिना उतरले. गल्लीत गाडी मागं घेताना तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मास्तर गेला नाही. सोफ्यावर बसून राहिला. चहा प्याला, कप खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या दिवशी मीही हसलो होतो."

मी म्हटलं, "मले माहीत आहे."

"मग मले कायले सोडलं?"

"तुही पाळी याचीच होती."

तो उठला आणि आडत्याच्या खुर्चीत जाऊन बसला. म्हणाला, चालू कर. मी सुरू केलं. त्याला धड वळताही येत नव्हतं. मी त्याला पुलावरून पाडलं. त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर आणली, मी पुन्हा पाडलं. तो थांब म्हणाला नाही. बायको दाराशी उभी राहून पाहत होती. काही वेळानं मीच थांबलो. त्याला पाडण्यात मजा उरली नव्हती, कारण तो पडायलाच बसला होता. मग आम्ही दोघांनी शिरा खाल्ला, आणि मी त्याला स्कूटरवर स्टँडला सोडलं. दिग्रसची गाडी मिळेपर्यंत थांबलो. शाळेतल्या कोणा मास्तरांबद्दल बोलत राहिलो. झालेल्या गोष्टीबद्दल नाही.

आडत्यानं ग्रुपवर काही लिहिलं नाही. दिवस गेले. शुभ सकाळचे फुलांचे फोटो टाकत राहिला, जसं काही झालंच नाही. ट्रकवाल्यानं मला फोन करून सांगितलं की तू दिवाळी खराब केली, माणूस घरी बोलावून असं करतात का. मी त्याला विचारलं, तू तेव्हा पलंगावर होतास ना? तो म्हणाला, आठवत नाही. मी फोन ठेवला.

मग एका सकाळी मास्तरनं लिहिलं. आडत्याच्या त्याच मेसेजच्या खाली, त्यालाच जोडून. साध्या भाषेत, चार-पाच ओळी. तो खोलीत होता, कोण कुठं बसायचं, त्या दुपारी काय झालं, आणि आपणही हसलो. संध्याकाळी एकानं लिहिलं, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. दुसऱ्यानं लिहिलं, राजकारण नको. आमच्याच वस्तीतला एक, जो वर्षानुवर्षं नुसता वाचायचा, त्यानं लिहिलं की त्याला तर जिन्यावरही येऊ दिलं नव्हतं. हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर आणखी कोणी कोणी लिहीत गेलं, त्या घराबद्दल, दुसऱ्या घरांबद्दल, शाळेतल्या डब्याबद्दल. आडत्या ग्रुपमधून निघून गेला. 'लेफ्ट' अशी ती बारीक करडी ओळ मी कितीतरी वेळ पाहत बसलो.

लोक सांगतात की बदला घेऊन समाधान होत नाही. माझं झालं. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी असा झोपलो की बायकोला हलवून उठवावं लागलं. तिनं विचारलं, आता ती दोन मशीनं काढू का टेबलावरून, जागा अडते. मी म्हटलं काढ. तो गेम मी त्यानंतर लावला नाही. आता एका त्याहून जुन्या कार्डाच्या मागं लागलो आहे, चारच रंग दाखवणारं. त्यावरचे गेम आमच्या गावात कोणाच्याच घरी नव्हते. त्यात एक विमान आहे आणि ते माझ्याच्यानं अजून नीट उतरत नाही.

मध्ये दारव्ह्याला जाणं झालं. बाजाराचा दिवस होता. आडतीसमोर पोत्यांची थप्पी होती आणि तो गादीवर बसून फोनवर बोलत होता. मला पाहून त्यानं बोलणं थांबवलं नाही, पण मान वळवली. पूर्वी मी त्याच्या दुकानासमोरून झपझप जायचो. त्या दिवशी मी समोरच्या टपरीवर थांबलो, चहा सांगितला आणि तोंड त्याच्याकडे करून सावकाश प्यायलो. फोन संपला तरी तो तिकडेच पाहत राहिला, भिंतीकडे. मला घाई नव्हती. मी दुसरा चहा सांगितला.